कडा काळ्या पडलेला फोटो

९ फेब्रुवारी

मोजणीकाकांनी आज त्यांची फळी मला दिली. खरं तर फळ्या दोन आहेत. एका बाजूला बिजागरीने जोडलेल्या, दुसऱ्या बाजूला लांब स्क्रू. मिनिटाला एक फेरा या वेगाने स्क्रू हाताने फिरवत राहिलं की वरची फळी आणि तिच्यावरचा कॅमेरा आकाशाबरोबर सरकतो, आणि फोटोत तारे ठिपक्यासारखे येतात, रेघा होत नाहीत. काका जन्मभर जमिनी मोजत होते. निवृत्त झाल्यावर आकाशाच्या मागे लागले. "वर हद्दीवरून भांडणं नाहीत," म्हणतात.

ही वही त्यासाठीच सुरू करते आहे. नवा धूमकेतू पहाटे पूर्वेला दिसू लागला आहे आणि मार्चअखेर सूर्याजवळून जाईल. वेधशाळेत निरीक्षण सहायकाची एक जागा निघाली आहे. अर्जासोबत स्वतः केलेल्या निरीक्षणांची नोंद हवी, मुदत ३१ मार्च. पदवी आहे माझ्याकडे, घरातली पहिलीच. पण गेले आठ महिने मी तिचा उपयोग एका शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुऊन त्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला करते आहे.

अंधाराची सोय बाबांनी केली. बाबा बेकरीची गाडी चालवतात. पहाटे चारला पावाचे क्रेट भरून निघतात आणि पहिला माल शहराबाहेरच्या वसतिगृहात टाकतात. तिथलं स्वयंपाकघर साडेपाचला उघडतं, तोवर ते गाडीत डुलकी काढतात. वसतिगृहाच्या अलीकडे एक बंद पडलेली वीटभट्टी आहे, एकही दिवा नाही. तो पाऊण तास आता माझा.

"काय पदवीधर, उठाल ना साडेतीनला?" बाबांनी विचारलं.

"मी उठेन. तुमचं बघा."

"मी वीस वर्षं उठतोय. मला कुणी अर्ज मागितला नाही."

१२ फेब्रुवारी

दिसला! आधी फोटोत, मग डोळ्यांनी. हिरवट, मऊ, बोटाने पुसल्यासारखा डाग.

गाडीत गरम पावाचा वास असतो आणि वाफही असते. पहिली दहा मिनिटं भिंग पुसण्यात गेली. उद्यापासून कॅमेरा पिशवीत गुंडाळून न्यायचा.

बाबांना दाखवायचा फार प्रयत्न केला. अंधुक वस्तू सरळ बघितली की नाहीशी होते. नजर जरा बाजूला ठेवायची, मग ती डोळ्याच्या कडेला उमटते. हे मला काकांनी पाच मिनिटांत शिकवलं होतं.

"बाबा, त्या दोन ताऱ्यांच्या मध्ये आहे. पण सरळ नका बघू. बाजूला बघा."

"बाजूला बघितलं तर बाजूचंच दिसणार ना?"

"नाही हो. कडेने दिसतो तो."

ते बराच वेळ मान तिरकी करून उभे राहिले. एकदा डावा डोळा झाकला, एकदा उजवा. "कडेला तर काहीच नाही गं," म्हणाले. "सरळ बघतो तोवर तारे आहेत. बाजूला बघितलं की तेही जातात."

"डोळा हलवताय तुम्ही. स्थिर ठेवा."

पुन्हा बराच वेळ गेला. मग म्हणाले, "हां, दिसलं. शेंडेनक्षत्र." त्यांच्या आईने त्यांना हाच शब्द शिकवला होता. मी विचारलं, शेपूट कुठल्या बाजूला आहे? "डावीकडे," म्हणाले. शेपूट वर होती.

बाबांना धीर नाही. किंवा मला शिकवता येत नाही. दुसरंच खरं असावं. परत येताना त्यांनी गाडी फारच हळू चालवली.

नोंद: ३२ फोटो. आकाश स्वच्छ. निरीक्षक: १.

१३ फेब्रुवारी

बाबांनी नोंद वाचली. वही डोळ्यांसमोर हळूहळू सरकवत वाचतात.

"एकच निरीक्षक? मी कोण मग?"

"तुम्ही स्क्रू फिरवता, बाबा. निरीक्षक म्हणजे बघणारा."

"बरं," म्हणाले. "फिरवणारा तर फिरवणारा."

खरंच, स्क्रू ते फार सुंदर फिरवतात. घड्याळ लागत नाही. मनातल्या मनात साठ मोजतात आणि एका सेकंदाचाही फरक पडत नाही.

१७ फेब्रुवारी

शेपूट रोज वाढते आहे. माझं जुनं भिंग कडेला कमी उजेड देतं, म्हणून प्रत्येक फोटोचे चारी कोपरे काळे येतात. त्यावर उपाय असा की पहाट फुटताना भिंगावर पांढरं कापड ताणून कोऱ्या आकाशाचे फोटो काढायचे. भिंग कडेला नेमका किती उजेड खातं ते त्यातून कळतं आणि संगणक तेवढा उजेड भरून देतो. कापड म्हणून बाबांची बनियन वापरली. आईला कळल्यावर ती म्हणाली, "एवढं शिकवलं, ते बापाची बनियन आभाळाला दाखवायला!"

२४ फेब्रुवारी

चंद्रामुळे आठवडाभर आकाश पांढरट आहे. मी गेले नाही.

घरात एक नवीनच प्रकार सुरू झालाय. आई रोज बाबांबरोबर गाडीतून जाते. "सकाळची हवा बरी असते," म्हणते. हिला हवेची इतकी आवड कधीपासून? उरलेली झोप दुपारी काढते, भाजी निवडताना. परवा मी जिना उतरून त्यांना डबा द्यायला गेले तेव्हा गाडी निघत होती आणि आईची टकळी चालू होती. "डावीकडे सायकल. कुत्रं आहे. गेलं. आता खांब." हिला गाडीचं चाक कसं धरतात ते ठाऊक नाही, पण सूचना अशा देते की जणू परवाना हिचाच आहे. आणि बाबा, जे कुणाचं ऐकून घेत नाहीत, ते मुकाट्याने "हं, हं" करत होते.

बेकरीच्या फाटकाला गाडीची डावी बाजू घासली आहे. बाबा म्हणाले, फाटकच नीट उघडलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा जाणार म्हटल्यावर आईने मला बजावलं, "गाडीत बसलीस की रस्त्यावर लक्ष ठेव. डाव्या अंगाला. आभाळ नंतर बघ." मी म्हटलं, गाडी बाबा चालवतात की मी?

४ मार्च

आज मी फार वाईट बोलले.

आकाश काचेसारखं होतं. धूमकेतू आता नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. आज चाळीस फोटो काढायचे, ते एकावर एक रचून अर्जाचा मुख्य फोटो करायचा, असं ठरवून गेले होते. दहा फोटोंनंतर पाय मोकळे करून बाबा स्क्रूकडे परत येत होते आणि त्यांचा पाय स्टँडला लागला. स्टँडच्या पायांना मी पांढऱ्या चिंध्या बांधल्या आहेत, मुद्दाम, दिसावेत म्हणून. तरीही.

"डोळे फुटलेत का तुमचे?" मी ओरडले.

बापाला. त्या भट्टीच्या भिंतीवरून ते वाक्य परतही आलं.

बाबांनी स्टँड चाचपून सरळ केला, म्हणाले, "चुकलं. कर पुन्हा." उरलेले फोटो काढले. घरी येऊन बघितलं तर सगळेच्या सगळे वाया. धूमकेतूचं डोकं गोल ठिपका यायला हवं, ते लांबट, काकडीच्या बीसारखं आलंय. पहिल्या दहा फोटोंतही तसंच. म्हणजे बाबांचा पाय आधीही कधीतरी लागला असणार आणि ते बोलले नसतील. मी रागाने एकेक फोटो पुसत सुटले. बाबा दारात उभे होते.

"एक तरी ठेव," म्हणाले. "मला दे."

"खराब आहेत ते."

"खराबातला दे."

एक ठेवला.

आईला मी स्वतःच सांगितलं, काय बोलले ते. वाटलं, कानफटात मारेल. तिने नुसतं भांडं विसळायला घेतलं. तेच भांडं, तीनदा.

६ मार्च

शाळेसमोरच्या फोटोवाल्याकडून तो एक छापून आणला. कोपरे उजळले नाहीत, कशाला उगीच मेहनत, वाया गेलेला तर आहे. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते, पण खरं आहे. चांगले अर्जासाठी आणि खराबातला बाबांना.

बाबांनी तो दिव्याखाली धरला. "कडेला असं काळं का?"

"भिंग जुनं आहे. उजेड कडेपर्यंत पोचत नाही."

"मधलं तेवढं दिसतं."

"हो."

"आणि हे नीट करता येतं?"

"येतं की. संगणकावर दोन मिनिटांत. करून देऊ?"

त्यांनी जरा विचार केला. "नको. असू दे. मला असाच ओळखीचा वाटतो." आणि गाडीत डोक्यावर ऊन अडवायची जी पट्टी असते, तिच्यात खोचून ठेवला.

९ मार्च

आजची नोंद छोटी, खांदा दुखतोय.

काम आटपून मी गाडीच्या मागे डाव्या बाजूला स्टँड मिटत होते. बाबांनी गाडी मागे घेतली. कोपरा खांद्यावर बसला, मी विटांच्या ढिगावर पडले. पिशवीवरून चाक गेलं. कॅमेरा गळ्यात होता म्हणून वाचला. मी ओरडले तेव्हा गाडी थांबली.

बाबा धावत आले आणि आधी माझे हात चाचपले, मग डोकं, मग पुन्हा हात, लहान मुलाचे मोजतात तसे. मी हसण्यावारी नेलं. "मला क्रेट समजलात का?" ते हसले नाहीत. स्टेअरिंगवर डोकं टेकून बसून राहिले. सहा वाजले. वसतिगृहाचा आचारी चालत आला आणि पाव कुठे म्हणून खेकसला. एरवी बाबांनी त्याला दोन ऐकवली असती. आज स्वतः उतरून क्रेट उचलायला लागले.

आईला सांगू नकोस, असं मीच त्यांना म्हटलं. ते म्हणाले, "तिला मी सांगेन."

१० मार्च

साडेतीनला तयार होऊन बसले तर बाबा खाटेवरच.

"आज नाही."

"का?"

"नाही म्हटलं ना."

"बाबा, धूमकेतू थांबणार नाही माझ्यासाठी. आठवड्याभरात सूर्याच्या उजेडात जाईल."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मग पाव कोण नेणार? दुसरा माणूस गेला म्हणे.

मला कळतंय हे कशासाठी आहे. त्या दिवशी मी बोलले, त्याची ही शिक्षा. एका शब्दाची किंमत म्हणून माझी नोकरी? मी माफी मागितली होती. "चुकलं. कर पुन्हा" म्हणणारा माणूस आतून इतका धरून ठेवतो, हे मला ठाऊक नव्हतं.

१२ मार्च

बाबांनी गाडीच्या किल्ल्या मालकांना परत दिल्या. आता आत बसून पाव मोजणार, पाकिटं बांधणार.

मी बेकरीत गेले. मालक पिठाचे हात झटकत बाहेर आले. "काय गं, तुझ्या बाबांची कंबर धरते म्हणे? मला सांगून गाडी सोडली आणि दहा मिनिटांत मैद्याचं पोतं खांद्यावर टाकून आत नेलं! ही कुठली कंबर?"

मला हसू आलं नाही. वीस वर्षं जी गाडी पुसून ठेवली ती नुसत्या रागाने सोडतात का? काल रात्री मला वाटलं, मी वेधशाळेत जावं हे त्यांना नकोच आहे. मग वाटलं, किती नीच विचार करते मी. पण आला, म्हणून लिहिला.

आई आता सकाळी हवा खायला जात नाही.

१४ मार्च

मोजणीकाका दुपारी शाळेत आले, जिना चढून, धापा टाकत. धूमकेतू फुटला आहे. सूर्याजवळ जायच्या आधीच त्याच्या गाभ्याचे तुकडे झाले.

"डोकं लांबट झालंय त्याचं," काका म्हणाले. "सहा तारखेला कुठल्या तरी परदेशी माणसाने पहिल्यांदा पाहिलं. तू चार तारखेला होतीस ना भट्टीवर? काढ ते फोटो."

"ते खराब होते, काका. स्टँड हलला होता. डोकं लांबट..."

मी हातातली बाटली खाली ठेवली.

"आणि तारे?" काकांनी विचारलं. "तारेही लांबट होते का?"

फळी हातात देतानाच त्यांनी मला हे सांगितलं होतं. कॅमेरा हलला तर सगळंच हलतं, धूमकेतू एकटा हलत नाही. आधी तारे बघ. मी तारे बघितलेच नव्हते. मी बाबांचा पाय बघितला होता.

"पुसले," मी म्हटलं.

"सगळे?"

काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

तीच तारीख, पुढे

बाबांनी नको म्हटल्यावर त्या एकाची मूळ प्रतही मी पुसली होती, उरला होता फक्त छापील कागद. शाळेतलं भिंग घेऊन बेकरीत गेले. नव्या ड्रायव्हरने पट्टीतला फोटो काढून दिला. "तुझ्या बाबांनी सांगितलंय, हात लावायचा नाही म्हणून," म्हणाला. फोटो मैद्याने भरला होता. पुसून भिंगाखाली धरला. तारे टाचणीच्या टोकासारखे, गोल. एकूण एक.

घरी बाबा जमिनीवर बसून पाकिटांची लेबलं कापत होते.

"बाबा, तुमच्या पायाने काही बिघडलं नव्हतं. धूमकेतूच फुटत होता. मी उगाच..."

"पण पाय तर लागला होता," बाबा म्हणाले.

"लागला, पण..."

"दिसला नाही मला स्टँड."

चिंध्या बांधल्या होत्या, मी म्हणणार होते. आत नळ बंद झाल्याचा आवाज आला. आई दारात आली, हात ओले. "सांगा आता," ती म्हणाली.

बाबांचा डावा डोळा दोन वर्षांपासून जात होता. तेव्हा माझं शेवटचं वर्ष होतं, म्हणून थांबले. मग मला धड नोकरी लागेपर्यंत थांबायचं ठरवलं. उजव्याचा भरवसा होता. उजवाही कडेने गेलाय हे त्यांना वीटभट्टीवर कळलं, बारा फेब्रुवारीला, मी तिरकं बघायला लावलं तेव्हा. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं आणि मी जायची थांबले त्या दिवसापासून आई गाडीत बसायला लागली.

"रस्त्यावर माणसं असतात, बाबा," मी म्हटलं. मला रडायचं नव्हतं. "शाळेची मुलं असतात."

"म्हणून तर आई होती ना शेजारी."

"आणि भट्टीवर?"

बाबांनी कात्री खाली ठेवली. "तिथे आई नव्हती," ते म्हणाले.

१९ मार्च

डोळ्यांचं रुग्णालय. एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून समोर बघत राहायचं. कडेला कुठेही ठिणगी चमकली की हातातलं बटण दाबायचं. मी बाजूच्या स्टुलावर होते. मला ठिणग्या दिसत होत्या. एक, आणखी एक, पुन्हा एक. बाबांचं बोट बटणावर तयार होतं, पण दाबलं जात नव्हतं. एवढ्या प्रामाणिकपणे ते समोर बघत होते.

कागद छापून आला. मध्ये थोडा उजेड, बाकी चारी बाजूंनी काळं.

"तुझ्या फोटोसारखं आलंय," बाबा मला म्हणाले. मग डॉक्टरीणबाईंना, "हिच्या संगणकावर हे नीट होतं."

त्या हसल्या नाहीत. गेलेलं परत येत नाही, म्हणाल्या. आहे ते थेंब घालून टिकवायचं. चुकवायचे नाहीत. दोन वर्षांपूर्वी आला असता तर, म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून थेंबांची चिठ्ठी लिहायला लागल्या.

मी पदार्थविज्ञान शिकले. डोळ्याची आकृती काढून तिला दहापैकी दहा मिळवलेत.

३० मार्च

अर्ज दिला. चार मार्चच्या रकान्यात लिहिलं: चाळीस फोटो. धूमकेतूचं डोकं लांबट. दोष मदतनिसाचा समजून, तारे न तपासता मी एकोणचाळीस पुसले. उरलेल्या एकाचा छापील फोटो सोबत, कोपरे न उजळलेला.

"हे लिहू नकोस," काका म्हणाले. "कोण विचारतंय? आपल्या हाताने आपलं नाव कापतेस."

पण नोंद म्हणजे झालं ते लिहायचं, हेही त्यांनीच शिकवलं होतं. फोटो द्यायला बाबा आधी तयार नव्हते. मग म्हणाले, "परत देतात का बघ." देत नाहीत.

४ एप्रिल

सकाळचे सात. आताच आलो.

सूर्यामागून धूमकेतूचं काही उरून बाहेर आलंय का, हे जगभर शोधताहेत. काका म्हणाले, "काही दिसलं नाही तरी लिही. नाही, हीही नोंद असते." नव्या ड्रायव्हरला विचारलं, तो हो म्हणाला. बाबाही निघाले. गाडीत मी मध्ये, बाबा डाव्या खिडकीशी. वीस वर्षांत त्या बाजूला पहिल्यांदाच बसले असतील. फाटकाजवळ गाडी आली तेव्हा त्यांचा पाय खाली ब्रेक दाबत होता, जिथे ब्रेक नाही.

भट्टीवर मी त्यांचा हात धरून स्टँडपर्यंत नेलं. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. जागा दाखवायला मी त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरून वळवलं.

"तिरकं बघू?" त्यांनी विचारलं.

"नको. सरळच बघा."

ते बघत राहिले. मी "दिसलं" या शब्दाची वाट बघत होते. आधी भट्टीवर यायचो तेव्हा रोज म्हणायचे, मी विचारायच्या आत.

"मला काही दिसत नाही गं," बाबा म्हणाले.

मी काकांच्या दुर्बिणीतून बघितलं. खालपासून वरपर्यंत दोनदा. तारे होते, आणि मध्ये नुसतं आकाश.

"मलाही नाही, बाबा."

"मग फोटो?"

"काढायचे. चाळीस."

"सरक मग," ते म्हणाले. चाचपत बसले, स्क्रू बोटांत धरला, डोळे मिटले आणि मोजायला लागले.

नोंद: ४० फोटो. आकाश स्वच्छ. धूमकेतू दिसला नाही. निरीक्षक: २.